सेफ्टी टँक भरलाय म्हणता, पण तो रिकामा असतो कधी?

या वेळचं पत्र ठाण्यात राहणाऱ्या एका ताईंचं आहे, वय बावन्न. सासर रत्नागिरी जिल्ह्यात, चिऱ्याचं जुनं घर, तिथे वर्षभर सासू-सासरे दोघंच असतात. २०१७ मध्ये घराच्या मागे दोन संडास-बाथरूम जोडले, गवंड्याने सहा बाय चार फुटांची, पाच फूट खोल टाकी बांधली आणि तिच्यापुढे आठ फूट खोल शोषखड्डा. खड्ड्यापासून विहीर तेरा-चौदा पावलांवर, तीही उताराच्या बाजूला. पहिली काही वर्षं तक्रार नव्हती. गेली तीन वर्षं मात्र गणपतीला अठरा माणसं जमली की दुसऱ्याच दिवशी कमोडमधून गुडगुड आवाज येतो, पाणी उतरत नाही, शोषखड्ड्याच्या झाकणाशी काळं पाणी वर येतं आणि वास तर विचारू नका. मागच्या वर्षी विसर्जन झालं, चाकरमानी परतले, मग तालुक्याहून मैलागाडी बोलावून टाकी रिकामी केली, आणि चौथ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला की टाकी परत काठोकाठ. आता घरात प्रत्येकाचं वेगळं मत आहे. मिस्टर म्हणतात दुप्पट मोठी टाकी बांधू, पावणेदोन लाख लागतील. दीर म्हणतात कशाला एवढा खर्च, मागून पाईप टाकून पऱ्यात (ओढ्यात) सोडू, पावसात वाहून जातं. गवंडी म्हणतो दोन माणसं आत उतरवतो आणि गाळ काढतो. आणि सासरे म्हणतात साठ वर्षं याच विहिरीचं पाणी पितोय, काही होत नाही. ताई लिहितात, "मला यातलं काही कळत नाही, दोघा भावांत बोलायला गेले तर मी आगाऊ ठरते. सासूबाई त्या पाच दिवसांत पाणीच कमी पितात, सारखं जायला नको म्हणून. कोणाचं ऐकायचं? की गणपतीला माणसंच कमी बोलवायची?"

ताई, सगळ्यात आधी सासूबाईंचं बोलू. तुम्ही ते वाक्य पत्रात अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय, आणि मला खात्री आहे की घरातल्या चर्चेत ते आलेलंच नाहीये. त्या वयातली बाई, भाद्रपदातला तो चिकट उकाडा, दिवसभर चुलीपाशी उभी, आणि पाणी पीत नाही कारण संडास तुंबलाय. ही पावणेदोन लाखांच्या वादापेक्षा मोठी गोष्ट आहे, लघवीचं इन्फेक्शन त्या वयात किती त्रास देतं हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. म्हणून यंदाच्या गणपतीपुरतं काय करायचं आणि कायमचं काय करायचं असे दोन वेगळे प्रश्न धरा, नाहीतर मोठ्या कामाच्या वादात हेही वर्ष तसंच जाईल.

आणि दुसरं, तुम्हाला यातलं कळत नाही हे मला काही पटलं नाही. "माणसं परतली आणि चौथ्या दिवशी टाकी काठोकाठ" हे तुम्हीच लिहिलंय ना? अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा धागा तोच आहे, फक्त तो कोणी ओढून बघितला नाही.

आता जरा सुरुवातीपासून. आपण सगळेच म्हणतो टाकी भरली, टाकी भरली. पण सेफ्टी टँक (खरा शब्द सेप्टिक, पण गावात कोण म्हणतं) हा भरलेलाच असायचा असतो. बांधून वापर सुरू झाला की थोड्याच दिवसांत तो बाहेर जाणाऱ्या पाईपच्या पातळीपर्यंत भरतो आणि मग आयुष्यभर तसाच राहतो, एक बादली आत गेली की एक बादली पलीकडून बाहेर. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्यात जातं आणि तिथून जमिनीत. म्हणजे टाकीचं काम फक्त पाणी थांबवून गाळ खाली बसवायचं, पाणी जिरवायचं काम खड्ड्याचं. आणि ते निवळ पाणी दिसायला बरं असलं तरी जंतूंच्या बाबतीत अजून मैलाच असतं, त्याची खरी सफाई जमिनीतून हळूहळू झिरपताना होते. त्यामुळे "टाकी भरली" म्हणून मैलागाडी बोलावली आणि अडचण पुढच्या खड्ड्यात असली तर काय होणार, तीन-चार दिवस सुखाचे आणि परत तेच.

आता तुमचा धागा ओढू. तुमच्या टाकीत पाणी चार फूट धरलं तर साधारण सत्तावीसशे लिटर मावतं. सासू-सासरे दोघं, फ्लश-अंघोळ-कपडे सगळं धरून दिवसाला दोनशे लिटर म्हणू, चार दिवसांचे झाले आठशे. मग उरलेले एकोणीसशे लिटर कुठून आले? एक तर शोषखड्ड्यातलं तुंबलेलं पाणी त्याच पाईपने उलटं टाकीत आलं, किंवा टाकीच्या भिंतीतून, तळातून जमिनीतलं पाणी आत झिरपलं, आणि माझा अंदाज की दोन्ही झालं. गणपतीत तुमच्या विहिरीत पाणी किती वर असतं? कोकणात त्या दिवसांत कित्येक विहिरी अशा असतात की वाकून हाताने कळशी बुडवावी. विहिरीत पाणी जिथपर्यंत तिथपर्यंतच जमिनीतही पाणी असतं, म्हणजे तुमचा आठ फुटी शोषखड्डा भाद्रपदात बाहेरच्या पाण्यातच उभा आहे. जो स्वतः पाण्यात बुडालाय तो पाणी जिरवणार कुठे?

आणि टाकीला खरंच भेगा असतील तर पावसात ज्या भेगेतून बाहेरचं पाणी आत येतं, त्याच भेगेतून मार्च-एप्रिलमध्ये जमीन कोरडी झाली की आतला मैला बाहेर जातो. तेरा-चौदा पावलांवर विहीर, उताराच्या बाजूला, आणि मध्ये जांभा, ज्याच्यात पोकळ्याच पोकळ्या. पहिली चार-पाच वर्षं तक्रार नव्हती म्हणता, मला तर भीती वाटते की त्या वर्षांतही सगळं नीट चाललं नव्हतं, फक्त पाणी गुपचूप विहिरीकडे जात होतं.

मग गेल्या तीन वर्षांतच का तुंबायला लागलं? कारण अठरा माणसं. फ्लशची टाकी दहा लिटरची, बटण दाबलं की दहा लिटर, शिवाय अठरा अंघोळी, वॉशिंग मशीन, दिवसाला दोन हजार लिटर सहज. गाळ खाली बसायला पाण्याला टाकीत निदान एक दिवस तरी स्वस्थ पडून राहावं लागतं, इथे सत्तावीसशेच्या टाकीत (त्यातही सात-आठ वर्षांचा गाळ आधीच बसलेला) रोज दोन हजार लिटरचा लोंढा. त्यामुळे गाळ न बसताच पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याच्या भिंतींवर त्याचं काळं बुळबुळीत लिंपण बसतं. दर गणपतीला एकेक थर. गाळ दोन-तीन वर्षांनी काढायचा असतो, तुमच्याकडे मैलागाडी पहिल्यांदा आली ती गेल्या वर्षी.

आता एकेक मत घेऊ. दिरांचं आधी, कारण ते सगळ्यात स्वस्त दिसतंय आणि म्हणूनच सगळ्यात आधी होऊन जाईल. पऱ्या तुमच्या गडग्याशी संपत नाही, खालच्या वाडीतल्या बायका त्यावर कपडे धुतात, गुरं पाणी पितात, त्याच्या कडेच्या विहिरींना पाझर लागतो. पावसात वाहून जातं हे खरं, पण दिवाळीनंतर पऱ्या आटतो तेव्हा ते पाणी तिथेच डबकं करून बसणार आणि मग वाडीत नाव कोणाचं निघणार? दिरांना हे मी सांगितलेलं नाही पटणार, त्यांना फक्त विचारा की वरच्या घराने आपल्या विहिरीच्या अंगाला असा पाईप सोडला तर चालेल का.

गवंड्याचं म्हणणं मात्र सरळ नाही म्हणा, त्यात चर्चा नको. टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो, थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, म्हणजे वास येईनासा झाला म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि तिथेच कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. अशा बातम्यांमध्ये मेलेले बऱ्याच वेळा दोन किंवा तीन असतात ते याचमुळे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षेची साधनं न देता कोणाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या घरच्या गणपतीसाठी कोणाचा तरी मुलगा आपल्या संडासाच्या टाकीत उतरवायचा हे तुम्हाला झोप लागू देईल का? गाळ काढायचा तो पंपाच्या गाडीनेच. आणि घरच्यांनीही झाकण उघडून आत डोकं घालून बघायचं नाही, काडी पेटवून तर अजिबात नाही, आत पेट घेणारा मिथेन वायूही असतो. बघायचंच तर बाहेरून, लांब काठीला मोबाईल बांधून व्हिडीओ काढा.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. नवी टाकी बहुधा लागेलच, पण मोठी हवी म्हणून नाही, न गळणारी आणि विहिरीपासून लांब हवी म्हणून. जितकं पाणी आत तितकंच बाहेर, टाकी दुप्पट केली तरी खड्ड्याकडे तेच दोन हजार लिटर येणार. पावणेदोन लाख टाकीत घालून पुढे जुना खड्डाच ठेवला तर पुढच्या गणपतीला तुम्ही मला हेच पत्र परत पाठवाल. मापाचं म्हणाल तर आयएस २४७० नावाचं सरकारी मानक आहे, त्यात दहा माणसांच्या घराला दोन मीटर लांब, नव्वद सेंटीमीटर रुंद आणि पाणी १.४ मीटर खोल एवढी टाकी दोन वर्षांनी एकदा उपसायच्या हिशोबाने धरलीय, म्हणजे तुमच्याच टाकीएवढी. पाच दिवसांच्या पाहुण्यांसाठी वाढवायची तर थोडी वाढवा. दोन हजार लिटरच्या वर टाकी असेल तर आत दोन कप्पे हवेत, पहिला दोन तृतीयांश लांबीचा. तुमच्या गवंड्याने आत भिंत घातली होती का विचारा, आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्या पाईपला टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावलाय का तेही. आमच्या घरी (पुण्याबाहेर, छोटंसं) एकदा असंच तुंबलं होतं, दोनदा मैलागाडीचे पैसे दिले आणि मग त्या गाडीवाल्यानेच बांबू घालून दाखवलं की बाहेरच्या टीमध्ये एक डायपर अडकलाय, नातवाचा. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

पावडरचं विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवेलच. बॅक्टेरियाची पावडर टाकून तुंबलेला खड्डा मोकळा होत नाही, मैल्यात बॅक्टेरिया मुळातच भरपूर असतात. उलट फिनेल, अॅसिड, ब्लीचिंग पावडर ओतून वास घालवायला जातो तेव्हा आपण त्यांनाच मारतो.

तर यंदा काय करायचं? गणपतीला दोन महिने आहेत, पाऊस लागलाय, खोदकाम आता होणार नाही आणि करूही नका. पण एक गोष्ट आठवडाभरात होते, अंघोळीचं, कपड्यांचं आणि भांड्यांचं पाणी टाकीतून काढून वेगळं करा. आपल्या जुन्या घरांत मोरीचं पाणी केळीला, अळवाला, माडाच्या आळ्यात जायचं, अटॅच्ड बाथरूम झाले आणि प्लंबरने सोय म्हणून सगळं एकाच चेंबरला जोडलं. तो पाईप तोडून विहिरीच्या विरुद्ध बाजूला केळींकडे न्या, टाकीवरचा निम्म्याहून जास्त भार इथेच उतरेल. पागोळ्यांचं पाणी शोषखड्ड्यावर पडत असेल तर पन्हळ लावून दुसरीकडे वळवा, वरून वाहत येणाऱ्या पाण्यासाठी खड्ड्याच्या वरच्या अंगाला एक चर मारा. त्या पाच दिवसांत फ्लशचं बटण बंद, संडासात बादली-टमरेल, तीन-चार लिटरमध्ये काम होतं. पॅड, डायपर, ओले वाइप्स यांच्यासाठी झाकणाचा डबा आणि वर्तमानपत्राचे तुकडे, आणि हे सगळ्या मुलींना-सुनांना तुम्हीच मोकळेपणाने सांगा. आणि शेजारी किंवा भावकीत ज्यांच्याकडे चालू संडास आहे त्यांना आधीच विचारून ठेवा की तरणी मंडळी तुमच्याकडे येतील. घरातला संडास सासूबाई-सासऱ्यांसाठी आणि लहान पोरांसाठी राखीव. म्हणजे माणसं कमी बोलवायची गरज नाही, तरण्या पोरांना पन्नास पावलं चालायला लावायची गरज आहे.

पाणी मात्र आजपासून उकळून प्या. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याला सांगून विहिरीचं पाणी तपासायला द्या, आत्ता एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात ते चांगलंच आहे, पण रोज नवा मैला झिरपत असेल तर आठवड्याची ती पावडर कुठवर पुरणार.

सासऱ्यांशी वाद घालू नका, त्यांचं साठ वर्षांचं म्हणणं खोटं नाहीये. साठ वर्षांपूर्वी विहिरीपासून चौदा पावलांवर आठ फूट खोल मैल्याचा खड्डा नव्हता, विहीर तीच आहे, शेजार बदललाय. एवढंच म्हणा आणि तपासणीचा कागद त्यांच्याच हातात येऊ द्या, माझा अनुभव आहे की त्या पिढीतली माणसं सुनेचं ऐकत नाहीत पण शिक्का मारलेल्या कागदाचं ऐकतात.

कायमचं काम पाणी खाली गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते मे. गाडीने टाकी उपसायची तीही तेव्हाच. (ज्यांच्याकडे तयार प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी पुरलेली आहे त्यांनी तर ऐन पावसाळ्यात ती पूर्ण रिकामी करूच नये, खालच्या पाण्याने ती वर उचलली जाते आणि पाईप तुटतात.) टाकी गळते का ते कळायला सोपी युक्ती आहे, उपसून झाल्यावर बाहेरच्या पाईपपर्यंत साध्या पाण्याने भरा, वापर एक दिवस बंद ठेवा, काठीवर खूण करून ठेवा, दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं असेल तर गळते. गळत असेल तर आत माणूस घालून प्लास्टर करत बसण्यापेक्षा लांबच्या जागी नवी बांधावी आणि जुनी उपसून मुरूम भरून बंद करावी असं माझं मत.

आणि खड्ड्याचं. मानक सांगतं की जिरवायची जागा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, साठेक फूट, लांब हवी आणि घरापासून ६ मीटर. विहीर शेजाऱ्याची असली तरी अंतर मोजायचंच. जांभ्यात मी म्हणेन साठ फुटांवरही समाधान मानू नका, जागा असेल तेवढं लांब जा आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. जमिनीतलं पाणी १८० सेंटीमीटर, म्हणजे सहा फुटांच्या आत येत असेल तर खोल शोषखड्डा करायचाच नाही, त्याऐवजी जमिनीच्या वर मातीचा उंचवटा करून त्यात उथळ चर घ्यायचा, धुतलेली खडी, भोकं पाडलेला पाईप, वर माती, त्यावर कर्दळ किंवा केळी. हे गवंड्याला नवीन वाटेल, तो म्हणेल खड्डाच बरा, आम्ही सगळीकडे खड्डाच करतो. जागा ठरली की तिथली जमीन पाणी किती पिते ते स्वतः बघा, चराच्या खोलीएवढं छोटं भोक घ्या, तळाला दोन इंच वाळू, रात्रभर पाणी भरून मुरू द्या, सकाळी पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर छान. तासाच्या वर गेलं तर तिथे जिरवण्याचा नाद सोडा, टाकीच्या पुढे खडीचा फिल्टर बांधावा लागतो, त्याला इंजिनिअर गाठा. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीवाल्यांचं बहुतेक असंच होतं, त्यांची माती पाणी पितच नाही. तुमच्या जांभ्यात उलट होईल, पाणी भसकन जाईल, आणि ते चांगलं लक्षण समजू नका, मग चरात खडीखाली हातभर वाळू-माती घालून त्याचा वेग कमी करायचा.

पैशांचं, तर पावणेदोन लाख एकट्या तुमच्या मिस्टरांनी का भरायचे? गणपती सगळ्यांचा, अठराजणांच्या पोटातलं त्या टाकीत जातं. मखराला, भजनाला वर्गणी निघते तशी याला निघू दे, फक्त हा विषय आरतीनंतर प्रसाद खाताना काढू नका. आत्ता, दोघा भावांना एकत्र फोनवर घेऊन काढा, आणि आगाऊ ठरायची भीती वाटत असेल तर सुरुवात सासूबाईंच्या पाणी न पिण्यापासून करा. मला नाही वाटत दोघांपैकी कोणाला हे माहीत असेल.

एक काम मात्र गणपतीतच करायचं आणि ते तुम्हीच करा. विहिरीच्या काठावरून दोरीला दगड बांधून सोडा आणि जमिनीपासून पाणी किती फूट खाली आहे ते मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा, तारखेसकट, टाकीच्या पाण्याचा फोटोही. कारण एप्रिलमध्ये गवंडी येईल, कोरड्या ठणठणीत जमिनीवर उभा राहील आणि म्हणेल, वहिनी, इथे कुठंय पाणी, मारा आठ फुटांचा खड्डा. तेव्हा त्याच्यासमोर ते कॅलेंडर धरा.